बॉल मांडीवर होता म्हणून कॅप्टन?

अन्याय झाला तो कडेगावच्या अशोक जगदाळे यांच्यावर. यंदाच्या प्रजासत्ताकदिनी, झेंडावंदन उरकल्या उरकल्या. आमच्या विद्यापीठाच्या नव्या इनडोअर हॉलमध्ये पुरुष बास्केटबॉल टीमच्या इतिहासाची भिंत उघडली गेली. पडदा ओढला, टाळ्या पडल्या. आमची टीम पहिल्यांदा वेस्ट झोन जिंकली, म्हणजे पश्चिम भारतातल्या विद्यापीठांत पहिली आली, त्या वर्षीचा फोटो मधोमध. खाली पितळी पट्टी : ‘कॅप्टन दिनकर पवार’.

जगदाळे मागच्या रांगेत होते. त्यांनी पट्टी वाचली आणि सरळ बाहेर पडले.

मी या टीमचा असिस्टंट कोच. धावत जाऊन त्यांना पार्किंगमध्ये गाठलं.

“अण्णा, काय झालं?”

“काय न्हाई. त्या वर्षी कॅप्टन मी व्हतो. जाऊ दे.”

“मग आत चला, सांगा की!”

“साठी उलटल्यावर माईक धरून सांगू, मला कॅप्टन म्हणा म्हणून? लाज हाय का न्हाई मला?”

गाडीला किक मारली आणि गेले.

मी तसाच क्रीडा समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. भिंत त्यांच्या देखरेखीखाली झालेली. सर शांतपणे म्हणाले, “हे बघ, जगात कुठल्याही टीमचा ग्रुप फोटो घे. मध्ये बसलेल्याच्या मांडीवर बॉल असतो. तो कॅप्टन. आम्ही प्रत्येक फोटो असाच तपासला.”

“कुणाला विचारलं का?”

“फोटो समोर असताना विचारायचं काय?”

टीमची असली पत्रकं लिहून वाटताना मी एक शिकलोय. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्या दारात आधी जायचं. बॉल मांडीवर घेतलेले दिनकर पवार जिवंत आहेत. सैन्यातून सुभेदार होऊन रिटायर झाले, कुंडलला असतात. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंड्याला तेच पाहुणे, म्हणून आमच्या कार्यक्रमाला आले नव्हते. त्याच संध्याकाळी मी कुंडलला पोचलो आणि मोबाइलवर पट्टीचा फोटो दाखवला. आधी ते हसले. मग डोळे मोठे झाले.

“म्या? म्या कवा कॅप्टन व्हतो रं? कॅप्टन अशक्या!”

“मग बॉल तुमच्याकडे कसा?”

“आवं, म्या भरतीला निघालो व्हतो न्हवं!”

आणि सगळं उलगडलं. सातारा-सांगलीची पोरं. दरवर्षी टीममधला एखादा तरी सैन्यात भरती व्हायचा आणि पुन्हा कोर्टवर दिसायचा नाही. म्हणून या टीमनं आपली रीत पाडली होती. फोटोत मधली खुर्ची आणि बॉल कॅप्टनला नाही, जो भरतीला निघाला त्याला. फोटो त्याच्या घरी जाणार, आईनं भिंतीवर लावला की पोरगं मधोमध दिसलं पाहिजे. कॅप्टन कडेला उभा. कॅप्टननंच ठरवलेलं.

म्हणजे बघा! ज्यानं मन मोठं करून खुर्ची सोडली, त्याचं नाव, त्यानं खुर्ची सोडली म्हणूनच, आम्ही पुसलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “दोघं मित्र आहेत. एकमेकांना मोठेपणा देतायत. उद्या अजून कोणी येईल. पट्ट्या अशा बदलत बसलो तर भिंतीला अर्थ काय?”

भांडण तोंडावर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, “ठीक आहे. आजी-माजी मॅच तरी ठेवू. तेवढी तुम्ही पूर्ण बघा.” त्याला सर हो म्हणाले.

जगदाळेअण्णा काही तयार होईनात. शेवटी सुभेदारांनी माझ्यासमोर फोन लावला. “अशक्या, भाषण न्हाई, सत्कार न्हाई. निस्ता खेळायला ये. का गुडघं गेलं तुझं?” पलीकडून जी शिवी आली ती इथं छापता येणार नाही. पण अण्णा आले.

आणि काय मॅच झाली गड्यांनो! माजींची पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे. आमची पोरं आधी दबकून खेळत होती, पण म्हाताऱ्यांनी लागोपाठ दोन बास्केट टाकल्यावर सगळी दया संपली. हॉल नुसता दणाणत होता. तेवढ्यात रेफरीनं सुभेदारांचा फाउल दिला. फाउल म्हणजे नियमाबाहेरची धक्काबुक्की. सुभेदार तापले, बोट नाचवत रेफरीकडे निघाले.

मागून आवाज आला, “दिन्या! मागं हो!”

आयुष्यभर जवानांना हुकूम सोडलेला माणूस जागच्या जागी थांबला. मागं झाला. बास्केटबॉलमध्ये रेफरीशी बोलायचा मान कॅप्टनचा. जगदाळेअण्णा हात पाठीमागे बांधून पुढे गेले, हळू आवाजात दोन वाक्यं बोलले, परत आले. माजी टीममधल्या एकानंही तोंड उघडलं नाही. कॅप्टन कोण हे त्या दिवशी कुणी ठरवलंच नव्हतं!

मग टाइम-आउट, म्हणजे टीमनं मागून घेतलेली छोटी विश्रांती. धापा टाकत सगळे माजी सरळ जगदाळेअण्णांभोवती गोळा झाले. अण्णांनी तळहातावर बोटानं चाल काढून दाखवली. खेळ सुरू झाला. अण्णा डावीकडे बघत पुढे आले आणि न बघता उजवीकडे पास सोडला. तिथे सुभेदार होतेच. बॉल जाळीतून खाली! पोरं बाकांवर उभी राहिली. मी पण.

सरही उठून उभे होते. मी शेजारी जाऊन विचारलं, “सर, कॅप्टन कोण?”

कोर्टवरची नजर न काढता ते म्हणाले, “पट्टी बदलायला समितीची मीटिंग लागेल.”

“घ्या. आम्ही दाराबाहेर बसतो.”

आम्ही बसलो, पूर्ण टीम, जर्सी घालून. आतला चहा निवायच्या आत मीटिंग संपली. नवी पट्टी लागली : ‘कॅप्टन अशोक जगदाळे’. अण्णा येऊन बघून गेले. दोनदा वाचली. “उगं एवढा दंगा केला तुमी,” म्हणाले, पण लवकर काही हलले नाहीत.

या सगळ्या प्रकरणात मी शिकलो ते एवढंच. माणसं जिवंत असताना फोटोला विचारून इतिहास लिहिणं हा शुद्ध आळस आहे, आणि आळसाला पितळेत कोरलं तरी तो खरा होत नाही.

बाकीच्या वर्षांच्या पट्ट्याही याच पद्धतीनं लागल्यात. एकीवरही माझा विश्वास नाही. तेव्हा तुम्ही या टीमकडून खेळला असाल, तुमचे वडील, चुलते, मामा खेळले असतील, तर त्यांना घेऊन हॉलवर या. प्रत्येक नाव वाचा. चुकलं असेल तर गप निघून जाऊ नका. आत या, आणि पट्टी बदलल्याशिवाय उठू नका.