शिडीवरचे ठोके

या कॅरिबियन बेटावर पाण्याखाली बुडी मारलेल्यांना वर बोलवायचं झालं, की आमचा म्हातारा नावाडी पान्याने बोटीची लोखंडी शिडी ठोकतो. पाण्यात आवाजाला दिशाच नसते. आपल्या छातीतच कुणी दार वाजवतंय, असं खाली वाटत राहतं.

आज आम्ही सगळे वर आलो, तरी तो वाकून ठोकतच होता.

"आता कोण राहिलंय?" मी विचारलं.

"भाऊ. शेवंडं धरायला उतरला होता, तो वर आलाच नाही."

किती वर्षं झाली, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

"त्याला ऐकू जात असेल?"

"जातं की! पण कुठून येतंय ते कळत नाही ना. शोधत असेल."

मग त्याने इंजिन चालू केलं. शिडी मात्र वर ओढली नाही.