केतकीच्या शेतातला दिवा

भुताखेतांचा विषय निघाला की चहा आणायला उठून जाणारा माणूस मी. नोकरीच ऑफिसचे बॅकअप सांभाळायची. फाइल असते किंवा नसते, मधलं काही नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

मी फरीदाबादला राहतो. मी आणि माझी नऊ वर्षांची मुक्ता. बायको, केतकी, मागच्या वर्षी गेली. जुन्या पीसीवर ती शेतीचा एक गेम खेळायची. अंगण, गोठा, अगदी तुळशीवृंदावनसुद्धा हौसेने मांडलेलं. वृंदावनापुढचा दिवा रोज हाताने लावावा लागतो, गेममध्ये सकाळ झाली की तो विझतो. मुक्ता रोज 'आईच्या शेतात' फिरून यायची, पण दिव्याला हात नाही लावायची. "बाबा, वो आईचा आहे." त्यामुळे वर्षभर तो विझलेलाच.

पीसी कुरकुरायला लागला, म्हणून एका रविवारी दुपारी मी सगळं लॅपटॉपवर न्यायला बसलो. लॅपटॉपवर गेम चालतो का, एकदा उघडून पाहिलं. मग पीसीवर उघडला, तर त्याने विचारलं — इथलं सेव्ह ठेवू की क्लाउडवरचं? क्लाउडवरचं दहा मिनिटांपूर्वीचं होतं. आमच्या धंद्यात नवीन तेच खरं! केतकी चिडवायचीच, "अरे, नवीन म्हणजे बरोबर असं नसतं." मी ठोकलं बटण.

आलं ते लॅपटॉपवर नुकतंच तयार झालेलं रिकामं शेत. केतकीचं पुसलं गेलं.

गेमचा लपवलेला फोल्डर उघडला, कोपरान् कोपरा शोधला. काही नाही. मागे मुक्ता उभी होती. "आईचं घर कुठे गेलं?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. चार वाजता पीसीची वायर उपटली, हार्ड डिस्क काढली आणि तिला कुशीत घेऊन बसून राहिलो. डिस्क माझ्या हातातच होती.

पाचच्या सुमाराला, पुसलेली फाइल परत मिळते का बघायला, डिस्क लॅपटॉपला जोडली. त्याच फोल्डरमध्ये एक नवा फोल्डर. नाव 'मुक्ता'. आत एक सेव्ह. वेळ, चार चाळीस.

उघडलं. अंगण, गोठा, सगळं जागच्या जागी. गेममध्ये संध्याकाळ होती आणि तुळशीपुढे दिवा लागलेला होता.

मुक्ता म्हणाली, "बाबा, सेव्ह करा ना. लवकर. विझायच्या आधी."

ऑफिसातला मित्र म्हणतो, "यार, घड्याळ चुकलं असेल." असेल. पण दिवा? तो कोणी लावला?

त्या सेव्हच्या आता तीन कॉपी आहेत. मुक्ता एकीत रोज खेळते. दुसऱ्या दोन मी अजून उघडलेल्या नाहीत. कॉपी उघडून मूळ फाइलचं काही बिघडत नाही, हे मला कळतं हो, पोट भरतो त्यावर. पण उघडलं की वेळ पुढे सरकते, सकाळ होते... आणि सकाळी दिवा विझतो.