अप्पांनी टाइप न केलेली ओळ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. जे घडतं त्याची कुठंतरी नोंद असते आणि नोंद नीट वाचली की कारण सापडतं, एवढंच मला माहीत. या अनुभवाची तर नोंदही माझ्याकडे आहे... तरी लिहायला बसलेय.

आमचं घर छत्रपती संभाजीनगरला, पुंडलिकनगरात. अप्पा, म्हणजे माझे वडील, कन्नडच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. माइकवरून गाड्या पुकारण्यात हयात गेली, त्यामुळे घरातही पुकारूनच बोलायचे. आठ महिन्यांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, पण माणूस मिटून गेला. पाटीवर 'हो' नाहीतर 'नको', एवढंच लिहायचे. आई एकटीच बोलत राहायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला. खरं तर दोन – एकात टाइप करायचं, दुसरा ते मोठ्यानं बोलणार. मध्ये पाइप. नळीच समजा, इकडून ओळ टाकली की तिकडून निघते. बोलणाऱ्यानं नळीपाशी ताटकळत बसायचं नाही, आपली बाकीची कामं करायची. ओळ आली की फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर मी प्रोग्राम उभे केले ते, त्याला हाक मारणार. याला म्हणतात असिंक्रोनस. माझ्या लिनक्सवर झकास चाललं. तोच कोड अप्पांच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर टाकला तर ढिम्म! आणि म्हणे हे फ्रेमवर्क सगळीकडे चालतं...

शनिवारभर झटले. संध्याकाळी अप्पांनी पाटीवर लिहिलं, 'राहू दे.' सोमवारी मला पुण्याला परतायचं होतं. आता जमलं नाही तर ते पुन्हा या वाटेला जाणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी फक्त बोलणारा प्रोग्राम सुरू केला. टाइप करायचा अजून उघडलाही नव्हता. लॅपटॉप माझ्या मांडीवर. अप्पा समोर खुर्चीत, दोन्ही हातांत चहाची बशी. त्यांनी एक घोट घेतला, आईकडे पाहिलं... आणि लॅपटॉप त्याच्या सपाट आवाजात बोलला –

"तहसीलदारसाहेब, चहात साखर टाकायची राहिली."

आई पोह्यांची ताटली घेऊन जागीच थांबली. मग माझ्यावरच उखडली. "हे तुला कुणी सांगितलं गं?"

"काय सांगितलं?"

"ते... नाव."

चौसष्ट वर्षांची माझी आई चक्क लाजली! पाचोडला अप्पा तिला बघायला गेले, तेव्हा तिनंच त्यांची उलटतपासणी घेतली होती म्हणे. तेव्हापासून एकांतात ते तिला तहसीलदारसाहेब म्हणायचे. आम्हा भावंडांना कधी पत्ताच नव्हता.

मी चहा चाखला. बिनसाखरेचा.

अप्पांनी बशी खाली ठेवली आणि छातीवर बोट टेकवून मान हलवली – मीच. त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मला रडूच फुटलं.

नंतर लॉग, म्हणजे प्रोग्राम स्वतःच ठेवतो ती नोंद, पाहिला. 'कोणीही जोडलेलं नाही' आणि लगेच खाली 'एक ओळ आली'. ऑफिसातले म्हणाले, जुनी ओळ बफरमध्ये, म्हणजे मधल्या तात्पुरत्या साठ्यात, अडकली असेल. अहो, पण ती ओळ मी कधी टाइपच केली नव्हती, आणि अप्पांनी तर कीबोर्डला हातही लावला नव्हता! माझी चूक त्याच दुपारी सापडली. लिहिलेलं लगेच पुढं ढकलायची सूचना द्यायची मी विसरले होते, म्हणून ओळी पोचत नव्हत्या; लिनक्सवर त्यावाचून निभावलं होतं, इथं नाही. त्या एका ओळीचं काय, ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळपर्यंत अप्पा एका बोटानं टाइप करायला लागले होते. मी विचारलं, "अप्पा, सकाळी ते कसं झालं?"

बराच वेळ टकटक. मग लॅपटॉप म्हणाला, "मनात म्हणलो होतो. आता लई खोदू नको."

आई दारात उभी होती. "म्हणजे एवढे महिने मनातल्या मनात म्हणत होता व्हय तुम्ही?"

अप्पांनी तिच्याकडे न बघता दोनच अक्षरं टाइप केली.

"रोज."