आक्काबाईची न टिकणारी गाडी

वरवंडच्या अंगणवाडीत आक्काबाई मदतनीस. वीस वर्षं खिचडी, झाडलोट, पोरांची शेंबडी नाकं. आणि गाड्या. ज्वारीचं वाळकं धाट सोलायचं, आतल्या पांढऱ्या भेंडाच्या चकत्या कापायच्या, सालीच्याच काड्या टोचून जोडायच्या. पाच मिनिटांत बैलगाडी. पुढच्या पाच मिनिटांत तिचा चुरा. मग "आक्का, मोडली!" की पुन्हा नवी.

यंदा दौंडला अंगणवाड्यांच्या खेळण्यांचं प्रदर्शन होतं. दरवर्षी कापाकापी, चिकटवाचिकटवी आक्काबाईची आणि कार्डावर नाव सेविकेचं. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. म्हणून या वेळी तिनं तोंड उघडलं.

"मॅडम, यंदा कार्डावर माझं नाव टाकता का?"

सेविका सुवर्णा तिच्या लेकीच्या वयाची. ओशाळली. "टाकते की आक्का! काय मांडायचं?"

"ही गाडी."

"ही? अहो, पत्रकात 'टिकाऊ' लिहिलंय. ही तर शिंकलं तरी मोडेल!"

"मोडली तर करीन की दुसरी."

"परीक्षकांपुढं?"

आक्काबाईनं पुठ्ठा आणला, बाटल्यांची झाकणं आणली, फेव्हिकॉल थापला. दोन दिवस वाळत ठेवली. गाडी दगडासारखी झाली.

तीन वर्षांच्या गौतमीनं चाक ओढलं. दातांनीही ओढून पाहिलं. मग गाडी आक्काबाईच्या मांडीवर परत ठेवली.

"का गं? आवडली न्हाई?"

"मोडत न्हाई."

"मग चांगलंच हाय की!"

गौतमीनं जोरात मान हलवली. आक्काबाईनं गाडी उलटीपालटी करून पाहिली. गाडी चांगली करायची म्हंजी नेमकी कशी?

प्रदर्शनाच्या सकाळी पिशवीत पुठ्ठ्याची गाडी ठेवली, तर गौतमीनं वरून धाटाचीही कोंबली. दौंडच्या टेबलावर दोन्ही निघाल्या. पुठ्ठ्याच्या गाडीपुढं कार्ड उभं राहिलं : आक्काबाई, मदतनीस. तिनं ते पदरानं तीनदा पुसलं.

परीक्षक मॅडमनी गाडी उचलली. "मजबूत आहे. यातून मूल काय शिकतं?"

मागून सुवर्णा कुजबुजली, "रंग, आकार…"

"रंग. आकार." आक्काबाई थांबली. "खरं सांगू का बाई? हिच्याशी कुणी खेळतच न्हाई."

सुवर्णानं कपाळावर हात मारला.

"मग आणली कशाला?"

"कार्डावर माझं नाव लागतंय म्हणून."

"आणि ही?" मॅडमनी धाटाची उचलली. चाक गळालं, दांडी निसटली. "अगं बाई! सॉरी हं…"

"असू द्या. आणा हिकडं." आक्काबाईनं सवयीनं फरशीवर बसकण मारली आणि काड्या टोचायला लागली. मॅडम वाकून बघत राहिल्या. गाडी हातात आल्यावर त्यांनी ती बोटानं ढकलली, इकडंतिकडं पाहिलं आणि चाक हळूच उपटलं.

"मोडली," त्या हसल्या. मग कागद पुढं ओढून पेन चावत बसल्या. "टिकाऊपणा, दहापैकी. काय लिहू?"

"मला काय इचारता बाई? माझंच डोकं चालंना."

नंबर आला नाही. परतीच्या एसटीत सुवर्णा म्हणाली, "गप्प बसला असतात तर आलाही असता. का बोललात?"

"तेच इचारतेय मी मला, पाटसचा थांबा गेला तवापासनं."

दुसऱ्या दिवशी गौतमीनं पिशवीतलं कार्ड शोधून काढलं. "हे कोण?"

"ही मी."

"चल, बस गाडीत." तिनं कार्ड धाटाच्या गाडीवर ठेवलं. कार्डच गाडीपेक्षा जड. दोन्ही चाकं फाकली, गाडी बसली, नाव पालथं पडलं.

"आक्का, मोडली!"

"कोण मोडली? मी का गाडी?"

गौतमी कार्डाकडं बघायला लागली, मग आक्काबाईकडं, मग चाकांकडं. आक्काबाईनं कार्ड ओच्यात खोचलं आणि कोपऱ्यातलं धाट ओढलं.