टाइप करत आहे…

शाळेच्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर सकाळी बातमी आली : गायरानावरची घरं पाडायला न्यायालयाची परवानगी. खाली सवयीने जोडलेले हात येत गेले. वाढदिवस, निधन, निवडणूक, आमचा ग्रुप सगळ्याला हात जोडतो. त्यासाठी बातमी पूर्ण वाचावी लागत नाही. सुरेशने एआयकडून निकालाचा सारांश काढून टाकला : "सगळी घरं जाणार." त्यालाही हात जोडले गेले.

काशीनाथचं घर गायरानावर आहे. त्याच्या नावापुढे 'टाइप करत आहे' उमटायचं, विझायचं. एरवी तो मला चिडवून 'साहेब' म्हणतो. आज त्याने मला ग्रुपबाहेर वेगळा मेसेज केला, "भाऊ, तू शिकलेला. आमचं पण जाणार का रे?"

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. काशीनाथच्या त्या गायरानावरच्या घरात, त्याच्या आईच्या हातचं जेवून मी दहावी केली.

मी मूळ निकाल उघडला. पाडण्याआधी प्रत्येकाचं म्हणणं ऐका, असं त्यात आहे. ऐकल्यावर काय, ते नाही. मी 'नाही' लिहिलं, पुसलं. 'हो' लिहिलं, तेही पुसलं.

तिकडे काशीनाथ आता माझ्या नावाखाली तेच शब्द उमटताना आणि विझताना बघत असेल.