आईचा संगणक आणि नवा बोर्ड

आई मंगळवारी गेली. तिच्या मासिक श्राद्धाच्या आठवड्यात तिचा संगणकही सुरू होईना.

मदरबोर्ड जळला होता. बडा फुहारा चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात मी संगणकाचा डबा ठेवला आणि दुकानदाराला म्हटलं, ‘भैया, जो ठीक लगे कर दीजिए.’ आमच्या शहरात एवढंच सांगितलं तर दुकानदार डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतात. हे मला सिव्हिल लाइन्सपर्यंत पोचल्यावर आठवलं. स्कूटर तशीच वळवली.

आई निवृत्त शिक्षिका. वीस वर्षं ती जबलपूरच्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका आणि वंशावळी टाइप करून देत असे. इथल्या छापखान्यांत मराठी मजकूर हिंदी होऊन यायचा, म्हणून पन्नाशीनंतर ती टायपिंगचा एक प्रोग्रॅम शिकली. शेवटची दोन वर्षं ती आमच्या स्वतःच्या घराण्याची वंशावळ करत होती. जुन्या वहीत फक्त पुरुषांची नावं होती. आईने पत्रं लिहून, फोन करून लेकींची आणि सुनांची नावं मिळवली आणि प्रत्येकीला स्वतंत्र ओळ दिली. वर्षश्राद्धाला ती छापून घरोघर द्यायची, असं मी ठरवलं होतं.

ती पानं फक्त त्या प्रोग्रॅममध्ये उघडत. प्रोग्रॅम विकणारी कंपनी बंद पडली होती आणि त्याच्या सीडीला तडा गेला होता. विंडोज नव्याने टाकली असती तर प्रोग्रॅम गेला असता; फाइली आधी कॉपी करून ठेवल्या तरी वाचता आल्या नसत्या.

मी पोचले तेव्हा नवा बोर्ड बसला होता आणि दुकानदाराच्या हातात नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह होता.

‘थांबा,’ मी म्हटलं. मग हिंदीत, ‘पुरानी वाली से ही चलाकर देखिए.’

‘दीदी, नए बोर्ड पर पुरानी विंडोज़? नीली स्क्रीन आएगी. नए घर में कोई पुराना झाड़ू ले जाता है क्या?’

‘हमारी आई ले जाती थीं.’

तो हसला, पण हात थांबला. मी डिस्क काढून घरी नेली. नागपूरच्या भावाचा फोन आला.

‘काहून जिद्द करून राहिली तू? फाइली कॉपी कर अन् फॉर्मेट मार.’

‘उघडशील कशात?’

तो म्हणाला, ‘चलो, तुझं तू पाह्य. पण आधी डिस्कची नक्कल काढ.’

तीन दिवस मी वाचलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. वाचणं मला जमतं. अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. जुनी विंडोज जुन्या पद्धतीने सुरू होणारी होती, त्यामुळे नव्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये ती पद्धत चालू करावी लागणार होती. हे मी कागदावर लिहून डिस्कसकट दुकानात नेलं.

दुकानदाराने कागद दोनदा वाचला आणि सेटिंग बदललं. पडद्यावर ‘उपकरणं तयार होत आहेत’ अशा अर्थाची ओळ आली. यंत्र आपोआप बंद झालं, पुन्हा सुरू झालं. मग आईचा डेस्कटॉप आला. कोपऱ्यात विंडोज पुन्हा सक्रिय करा असं लिहून आलं. ते आईच्या खात्यातून पाच मिनिटांत झालं. मी प्रोग्रॅम उघडला. वंशावळीचं पहिलं पान आलं, नीट, वाचता येईल असं.

‘अब मैं ग्राहकों से क्या कहूँ?’ दुकानदार म्हणाला. ‘सबकी तो मैंने उड़ा दी.’

‘कहिए, पहले नक्कल निकालो.’

तो कागद त्याने मागून घेतला आणि काउंटरच्या काचेखाली सरकवला. मला अभिमान वाटला, माझा थोडा आणि आईचा पुष्कळ. पन्नाशीनंतर तिने जे शिकून उभं केलं होतं, ते एका बोर्डासाठी पुसायचं नव्हतं.

वर्षश्राद्धाला वंशावळ छापून झाली. नर्मदेच्या ग्वारीघाटावर विधी करून परतल्यावर मी स्वतः ती घरोघर दिली. आता आईचा संगणक माझ्या टेबलावर आहे, प्रोग्रॅम चालतो आणि दोन घराण्यांची अर्धी राहिलेली कामं माझ्याकडे आहेत.