कॅलेंडरवरच्या अकरा फुल्या

आमच्या नातेवाइकांत आजही बोललं जातं की माझ्या बायकोने हट्टाने संसार मोडला आणि मी बिचारा शेवटपर्यंत धडपडलो. हे मीच पसरवलं. ते खोटं आहे.

निवृत्तीनंतर कोपरच्या घरात आम्ही दोघं एकमेकांना नकोसे झालो होतो. मी उठसूट चुका काढायचो, ती अबोला धरायची. शेवटी ठाण्याला राहणाऱ्या आमच्या मुलीने नौपाड्यातल्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. बाई मुलीच्याच वयाच्या. म्हणाल्या, "काका, याला रिअ‍ॅलिटी थेरपी म्हणतात. जुनी मढी उकरायची नाहीत. तुम्हाला काय हवंय, त्यासाठी सध्या काय करताय, त्याने ते मिळतंय का, एवढंच बघायचं. आणि बदलायचं ते फक्त स्वतःला."

काय हवंय, असं विचारल्यावर बायको म्हणाली, "यांनी जेवताना माझ्याशी बोलावं. मिठाबद्दल सोडून काहीही."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

दोघांनी आपापलं एकेक काम कागदावर लिहिलं. माझं, रोज संध्याकाळी हिच्याबरोबर अर्धा तास फिरायला जायचं आणि चुका न काढता बोलायचं. तिचं, राग आला तर गप्प न बसता एका वाक्यात सांगायचं. दुसऱ्याचं काम तपासायचं नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं.

मी जन्मभर कचेरीत लोकांची हजेरी तपासलेली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडायचो, त्याच चौकोनांत लाल पेनाने हिचे खाडे मांडू लागलो. गप्प बसली की फुली. माझं काम मात्र दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवसापासून मी पुन्हा स्टेशनजवळच्या बाकावर, मित्रांच्यात. ती चपला घालून दाराशी उभी राहायची. "येताय ना?"

"तू हो पुढे."

ती एकटी फिरून यायची, गप्प बसायची, आणि मी फुली मारायचो.

तीन आठवड्यांनी कॅलेंडरचं पान फाडून मी नौपाड्याला घेऊन गेलो. बाईंपुढे ठेवलं. "अकरा. मोजून घ्या."

त्यांनी पान उलटं करून ठेवलं. "आणि तुमचं काय, काका?"

"आम्ही रोज जातो की फिरायला."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती. म्हणाली, "हो. रोज."

खाली रिक्षाची वाट बघताना ती एवढंच बोलली, "मी आता इथे येणार नाही, घरात तुमची लाज राखते तेवढं पुरे."

रागावून, एका वाक्यात. तिने तिचं काम केलं होतं. मला ते कळायला फार उशीर झाला.

त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन केला. "ठरलेलं सगळं मी केलं गं. तुझ्या आईलाच बदलायचं नव्हतं." मुलीने आईला फैलावर घेतलं, "बाबा या वयात बदलले, तुला काय धाड भरलीये?" बायकोने तेव्हाही माझं नाव घेतलं नाही. महिन्याभरात ती बहिणीकडे कल्याणला गेली. नातीच्या बारशाला मुलीने आईला नुसता मेसेज पाठवला. ती आली नाही. पाहुण्यांनी मला धीर दिला आणि मी तो घेतला.

चार वर्षं झाली. मागच्या रविवारी मुलीकडे गेलो असताना नातीने विचारलं, "आजोबा, माझी आजी कुठे असते?" मुलगीच फटकन म्हणाली, "तिला आपण नको असतो." घरी येऊन मी हे सगळं लिहून काढलं. आज मुलगी आली तेव्हा कागद तिच्या हातात दिले. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती.

तिने उभ्यानेच वाचलं. "चार वर्षं, बाबा?"

तिने कागदांची घडी घालून पर्समध्ये टाकली.

"मावशीचं घर तेच ना, कल्याणचं?"

मी मान डोलावली आणि चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही नाही," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.